प्रस्तावना : रानाची वाट बाजारातून जाते

सेरेंगेटीची गोष्ट गाईंपासून सुरू करावी लागते. टांझानियाला निघालेल्या माणसाला गाईंमध्ये काडीचाही रस नसतो, हे मला ठाऊक आहे. त्याला सिंह बघायचा असतो. पण १८९०च्या सुमारास पूर्व आफ्रिकेत बुळकांडीची साथ पसरली आणि मसाई लोकांची बहुतेक सगळी गुरं बघता बघता मेली. गुरांवर जगणारी माणसं उपासमारीने गेली, उरलेल्यांतली कितीतरी देवीने नेली. बुळकांडीने रानातले विल्डेबीस्ट आणि रानम्हशीही सोडल्या नाहीत. थोड्या वर्षांनी युरोपातले शिकारी आणि साहेबलोक तिथे पोचले, तेव्हा त्यांना मैलोन् मैल मोकळी माळरानं दिसली. ही जागा मुळातच निर्मनुष्य आहे, असं त्यांनी धरून चाललं आणि एका साथीने पाडलेल्या ओसाडीला निसर्ग म्हटलं.

पुढचा भाग आणखी मजेचा आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावर सेरेंगेटी उद्यानाभोवतालच्या पाळीव गुरांना पद्धतशीर लस टोचायला सुरुवात झाली. गुरांतून रोग गेला, तसा तो रानातूनही गेला. १९६१च्या सुमारास सेरेंगेटीत विल्डेबीस्ट होते अडीच लाखांच्या आसपास. १९७०चं दशक संपेपर्यंत ते १३ लाखांवर पोचले. बुळकांडी जगातून कायमची गेल्याचं २०११ साली जाहीर झालं. ज्या कळपापायी लोक आज लाखो रुपये मोजून विमानात बसतात, तो गाईच्या मानेत टोचलेल्या सुईचा ऋणी आहे. सहलीच्या पत्रकात हे कुणी छापत नाही. गाय फोटोत चांगली दिसत नाही, एवढंच कारण असावं.

पत्रकांत टांझानिया तीन कप्प्यांत मिळतो. चार दिवस प्राणी. मग अर्धा दिवस ‘संस्कृती’, म्हणजे मसाई तरुणांच्या उंच उड्या. आणि शेवटी झांझिबारचा समुद्र नि खरेदी. गेलेला माणूस हे तिन्ही कप्पे बघून येतो आणि तिन्ही वेगवेगळे लक्षात ठेवतो. माझं म्हणणं असं की हे कप्पे पत्रकवाल्यांनी पाडलेत. रान, माणूस आणि बाजार यांचा हिशोब तिथे एकाच वहीत मांडलेला आहे आणि त्या वहीची काही पानं मुंबईत आणि नाशकात लिहिली गेली. ती वही सलग वाचता यावी म्हणून हे पुस्तक.

तरीही इथे, प्रस्तावनेत, सुरुवात प्राण्यांपासून करू, कारण ती भूक खरी असते आणि तिची चेष्टा करण्यात अर्थ नाही.

ताडोबा किंवा पेंच पाहिलेल्या मराठी माणसाला सेरेंगेटीत पहिले एकदोन दिवस चुकल्याचुकल्यासारखं वाटतं. आपल्या जंगलात बघण्याआधी ऐकायचं असतं. वानर खाकरलं, चितळाने कॉल दिला की जीप थांबते, सगळे श्वास रोखतात आणि बांबूच्या बेटातून पट्टे दिसतील या आशेवर अर्धा तास निघून जातो. सेरेंगेटीच्या दक्षिणेकडच्या माळावर लपायला बेटच नाही. १४,७६३ चौरस किलोमीटरचं हे उद्यान काही भागांत इतकं सपाट आहे की दूरवरचा तरस नुसत्या डोळ्यांनी दिसतो. इथे कान फारसे कामाला येत नाहीत. मान वर करून गिधाडं कुठे घिरट्या घालताहेत ते बघायचं. चांगला ड्रायव्हर एक डोळा रस्त्यावर आणि एक आभाळावर ठेवून गाडी हाकतो.

जानेवारीच्या शेवटापासून मार्चपर्यंत कळप दक्षिणेला, न्दुतूच्या आसपास असतात. हा माळ ज्वालामुखींच्या राखेचा आहे; ओल डोइन्यो लेंगाई नावाचा पर्वत आजही अधूनमधून धुमसतो. राखेखाली कठीण थर असल्यामुळे झाडांची मुळं खोल जात नाहीत. त्यामुळे झाड नाही, पण आखूड गवत आहे आणि त्या गवतात दुभत्या जनावराला लागणारा चुना आणि स्फुरद भरपूर आहे. म्हणून माद्या विण्यासाठी इथेच येतात, आणि साधारण तीनेक आठवड्यांत लाखो वासरं जन्मतात. एकदम एवढी, की तरस-सिंहांनी पोट फुटेस्तोवर खाल्लं तरी बहुतेक वाचावीत.

त्यातला एक जन्म जवळून बघावा. मादी बसते, उठते, पुन्हा बसते. वासरू जमिनीवर पडतं ते ओलं, तपकिरी, आणि निम्मं पायांचंच असतं. ते पुढचे पाय टेकवतं, मागचे उचलतं आणि तोंडावर आपटतं. पुन्हा उठतं, या वेळी बाजूला कलंडतं. आई त्याला चाटत असते पण तिची नजर वासरावर नसते, पलीकडच्या तरसावर असते. पाचदहा मिनिटांत चारही पाय जमिनीवर ठरतात, आणि मग ते जे आईला चिकटून पळायला लागतं ते थांबतच नाही. तिला ते क्षणभर चुकलं, तर दुसरी मादी त्याला पाजत नाही. गाडीतली माणसं या वेळी बोलायची थांबतात. मुद्दाम कुणी सांगावं लागत नाही.

याउलट मारा नदी ओलांडणारे कळप. जुलै ते ऑक्टोबरमधल्या या प्रसंगासाठी बहुतेक मराठी सहली आखल्या जातात आणि मला तो अवाजवी वाजवलेला वाटतो. काठावर पन्नासेक गाड्या, इंजिनांचा धूर, जागेवरून हुज्जत, आणि गाड्यांनी वाट अडवल्यामुळे पाण्यात उतरायला कचरणारे प्राणी. ज्यांना नदीतल्या मगरी बघायच्याच आहेत त्यांनी जरूर जावं. शाळेच्या सुट्ट्यांची अडचण नसेल तर मी फेब्रुवारी सुचवेन.

आता गोरोंगोरो. कोसळलेल्या ज्वालामुखीचं हे विवर सुमारे ६०० मीटर खोल आणि १९ किलोमीटर रुंद. तळाशी तळं, रान, हत्ती, सिंह, आणि नशीब असेल तर काळा गेंडा. विवरात गाडी उतरवायची फीच जवळपास ३०० डॉलर पडते, माणशी शुल्क वेगळं. काठावरच्या रस्त्याकडेला बर्नहार्ड आणि मिखाएल ग्झिमेक या जर्मन बापलेकांचं स्मारक आहे. त्यांनी झेब्र्यासारखे पट्टे रंगवलेल्या छोट्या विमानातून सेरेंगेटीतल्या प्राण्यांची मोजदाद केली. जानेवारी १९५९मध्ये गिधाडाशी टक्कर होऊन विमान कोसळलं आणि मिखाएल गेला. त्यांच्या चित्रपटाला पुढे ऑस्कर मिळालं. सेरेंगेटी जगाला माहीत झालं ते या दोघांमुळे. उद्यानात माणसाला, मग तो तिथलाच का असेना, जागा असू नये हा विचारही त्यांनीच जगभर नेला.

त्याच १९५९ साली मसाईंना सेरेंगेटीतून उठवलं गेलं. बदल्यात गोरोंगोरोचा प्रदेश वेगळा काढून तिथे गुरं, माणसं आणि वन्यप्राणी एकत्र राहतील असं ठरलं. तेव्हा तिथे काही हजार माणसं होती. आता ती लाखाच्या घरात आहेत. सरकार म्हणतं, एवढी गुरं नि माणसं त्या जमिनीला पेलवत नाहीत, आणि २०२२पासून कुटुंबांना शेकडो किलोमीटर दूर, हांडेनी जिल्ह्यातल्या म्सोमेरा इथे हलवलं जातं आहे. हे स्थलांतर स्वखुशीचं आहे, असंही सरकार सांगतं. मसाई म्हणतात, दवाखाने आणि शाळा आटवत नेल्यावर उरते त्याला स्वखुशी म्हणत नाहीत. ऑगस्ट २०२४मध्ये हजारो मसाई सेरेंगेटीकडे जाणाऱ्या रस्त्यावर येऊन बसले आणि पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागली. धरणग्रस्तांची आणि अभयारण्यग्रस्तांची भाषा ज्याने महाराष्ट्रात ऐकली आहे त्याला यातलं काहीच नवं नाही. मेळघाटातली गावं आठवावीत.

म्हणून मसाई वस्तीला दिलेली भेट हा या पुस्तकातला अवघड भाग आहे. रस्त्याकडेच्या वस्त्या गाडीमागे ठरावीक डॉलर घेतात, लाल चौकड्यांच्या शुका पांघरलेले तरुण उड्या मारून दाखवतात, मग शेणामातीच्या बुटक्या घरात नेतात आणि बाहेर मण्यांच्या माळा मांडलेल्या असतात. कुणी याला नाटक म्हणतं. असेलही. पण ज्यांची चराऊ कुरणं गेली त्यांच्याकडे विकण्याजोगं दुसरं काय उरलं, हा प्रश्न नाक मुरडण्याआधी स्वतःला विचारावा. माझी सूचना एवढीच : उड्या झाल्या की गुरांबद्दल विचारा. कुठली गाय कुणाची, कान कसे कापलेत, पाऊस कधी झाला. तिथली वयस्क माणसं गुरांबद्दल बोलायला लागली की नाटक आपोआप संपतं. मोठ्यांना भेटताना पर्यटकी ‘जांबो’ म्हणू नका. ‘शिकामू’ म्हणा आणि ‘मराहबा’ हे उत्तर येईपर्यंत थांबा.

विवराच्या आग्नेयेला तारांगिरे लागतं आणि तिथून आपली स्वतःची गोष्ट सुरू होते. तारांगिरेत हत्ती आहेत आणि अवाढव्य गोरखचिंचा आहेत. आपल्या किनारपट्टीवर, वसईसारख्या ठिकाणी, जुन्या गोरखचिंचा दिसतात, त्या याच खंडातून समुद्रमार्गे आलेल्या झाडाच्या वंशातल्या. झाड आलं तसा हस्तिदंतही आला. एकोणिसाव्या शतकात आतल्या मुलखातून, ताबोरा आणि उजिजीहून, सुळे खांद्यावर घेतलेले तांडे बागामोयोच्या किनाऱ्यावर उतरत. हे हमाल बरेचसे न्यामवेझी जमातीचे, मजुरी ठरवून निघालेले असत. किनाऱ्यावरून माल झांझिबारला आणि तिथून मुंबईला. पूर्व आफ्रिकेचा दात मऊ, कोरायला सोपा. त्याच्या बांगड्या पश्चिम भारतातल्या नववधूंच्या हातात गेल्या आणि पट्ट्या अमेरिकेतल्या पियानोंवर. झांझिबारच्या सुलतानाची जकात वसूल करायचा मक्ता जयराम शिवजी या कच्छी भाटिया पेढीकडे होता. तांड्यांना उचल देणारे सावकारही बरेचसे आपल्याकडचेच.

हे सांगताना अभिमानाने छाती फुगवायची पद्धत आहे. मला ती जमत नाही, कारण त्याच वहीत गुलामांचाही हिशोब आहे. १८६०च्या सुमारास मुंबईच्या फौजेतला अधिकारी ख्रिस्तोफर रिग्बी झांझिबारला ब्रिटिश कॉन्सल होता. हिंदी व्यापाऱ्यांच्या ताब्यातले हजारो गुलाम त्याने सोडवले. १८७३मध्ये मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर गुलामांचा व्यापार बंद करायला झांझिबारला गेले आणि त्याच वर्षी सुलतान बरघशने तहावर सही केली. हा बरघश गादीवर येण्याआधी मुंबईत हद्दपारी भोगून गेलेला. गुलामांचा बाजार भरायचा तिथे आज चर्च आहे.

समुद्रात पकडलेल्या गुलामांच्या जहाजांवरची मुलं ब्रिटिश नौदल मुंबईला आणून उतरवी. त्यांतली अनेक नाशिकजवळच्या शरणपूरला, मिशनऱ्यांच्या आश्रमात वाढली. लिहायला शिकली, सुतारकाम-लोहारकाम शिकली. जेकब वेनराइट त्यांतलाच. १८७३च्या मे महिन्यात, आज झांबियात असलेल्या चितांबोच्या गावी मिशनरी-प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन वारला, तेव्हा सोबत्यांनी त्याचं काळीज झाडाखाली पुरलं. प्रार्थना जेकबने म्हटली आणि झाडाच्या खोडावर अक्षरं कोरली तीही जेकबनेच. मग देह वाळवून, सालीत गुंडाळून, कित्येक महिन्यांची पायपीट करत या मंडळींनी तो १८७४च्या फेब्रुवारीत बागामोयोला आणला. बागामोयो हे आज दार-ए-सलामपासून दीडदोन तासांवरचं झोपाळू गाव आहे. सहली तिथे थांबत नाहीत. या पुस्तकात त्याला मोठं प्रकरण दिलंय, ते नाशिककरांनी तरी वाचावं.

हस्तिदंताची गोष्ट मात्र जुनी झाली असं समजू नये. २००९ ते २०१४ या पाच वर्षांत चोरट्या शिकारीमुळे टांझानियातले हत्ती सुमारे १ लाख ९ हजारांवरून ४३ हजारांवर आले. या वेळी गिऱ्हाईक प्रामुख्याने चीनमध्ये होतं. पुढे बंदोबस्त वाढला आणि शिकार उतरणीला लागली. तारांगिरेत आज जे कळप पिलांसह निवांत दिसतात त्यांतल्या म्हाताऱ्या हत्तिणींनी ती वर्षं पाहिलेली आहेत.

आता बाजारांकडे वळू. त्यांतला पहिला दार-ए-सलामचा कारियाको. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी आपलं सामान वाहायला आफ्रिकी हमालांचं पथक उभारलं, आणि त्यात हजारो माणसं गोळीपेक्षा उपासमारीने आणि रोगाने मेली. त्या पथकाचा, ‘कॅरियर कोअर’चा, तळ होता ती ही जागा, नाव तिथूनच पडलं. २०२१च्या आगीत मुख्य इमारतीचं मोठं नुकसान झालं, पण बाजार इमारतीपुरता कधीच नव्हता. युरोप-अमेरिकेतून गाठोड्यांनी आलेले जुने कपडे, म्हणजे ‘मितुंबा’, भांडी, मोबाइल, सुकी मासळी, आणि गर्दीतून वाट काढणारे हातगाडीवाले. पर्यटकासाठी इथे काही मांडलेलं नाही, म्हणूनच जावं. पाकीट पुढच्या खिशात ठेवावं.

झांझिबारचा दाराजानी बाजार १९०४चा. सकाळी मासळीचा लिलाव, पलीकडे लवंग-दालचिनी. लवंगेच्या पुड्या पर्यटकाला तिप्पट भावाने विकल्या जातात, आणि त्या घरी येऊन बघाव्या तर आपल्या वाण्याकडच्या लवंगेपेक्षा फार वेगळ्या नसतात. त्यापेक्षा कांगा घ्यावा. बायकांच्या अंगावरचं हे सुती कापड जोडीने विकतात. चारी बाजूंनी रुंद काठ, मधे नक्षी, आणि नक्षीखाली एक ओळ छापलेली. दुकानदार घडी उलगडून फळीवर टाकतो तेव्हा गिऱ्हाईक बाई रंगाकडे नंतर बघते, आधी ओळ वाचते. ती ओळ सवतीला टोमणा असते, नवऱ्याला ताकीद असते, देवाचे आभार असतात. जिच्याशी बोलायचं नाही तिच्या दारावरून योग्य कांगा नेसून एक चक्कर मारली की काम होतं. म्हणून ओळीचा अर्थ विचारल्याशिवाय विकत घेऊ नये. सासूबाईंसाठी नेत असाल तर मुळीच नाही. यातले बरेच कांगे भारतात छापून तिकडे जातात, हे कळल्यावर काहींचा विरस होतो. माझा झाला नाही. शंभरदीडशे वर्षं हे कापड दोन्ही किनाऱ्यांमधे ये-जा करतंय.

चित्रं घ्यायची असतील तर तिंगातिंगा. एडवर्ड सैद तिंगातिंगा याने १९६०च्या दशकाच्या शेवटी दार-ए-सलाममध्ये स्वस्त फळ्यांवर सायकलीच्या रंगांनी हत्ती-पक्षी काढायला सुरुवात केली. १९७२मध्ये पोलिसांच्या गोळीने चुकून मारला गेला. त्याच्या नातलगांनी नि शिष्यांनी ती शैली चालवली. माकोंदे लोकांचं लाकडी कोरीवकाम घेताना बोट ओलं करून लाकडावर घासावं. काळं बोटाला लागलं तर ते बूटपॉलिश आहे, म्पिंगोचं अस्सल काळं लाकूड नव्हे. टांझानाइट हा निळा खडा जगात फक्त आरुशाजवळच्या मेरेरानीत निघतो; तो रस्त्यावर घेऊ नये, पावती आणि प्रमाणपत्र देणाऱ्या दुकानातच घ्यावा.

खाण्याचं बोलल्याशिवाय मराठी प्रवासवर्णन पूर्ण होत नाही. शाकाहारी माणूस टांझानियात उपाशी राहत नाही. नारळाच्या दुधातला राजमा, म्हणजे ‘महारागे’, माठासारखी ‘म्चिचा’ची पालेभाजी, भात, चपाती आणि ‘काचुंबारी’ कुठल्याही साध्या खानावळीत मिळतं. झांझिबारला संध्याकाळी ‘उरोजो’ खावा : कैरीच्या आंबट पिवळ्या रश्श्यात भजी, बटाटा, वर कुरकुरीत शेव आणि तिखट चटणी. पहिल्या घासाला मिसळ आठवते, दुसऱ्याला ती तुलना सोडून द्यावी लागते.

या पुस्तकात काय नाही तेही सांगतो. किलिमांजारोची चढाई नाही. ५,८९५ मीटर चढणाऱ्यांसाठी वेगळी पुस्तकं आहेत. जेन गुडॉल यांचं चिंपँझींचं गोंबे ओझरतं आलंय. शिकार करून जगणाऱ्या हाद्झा लोकांसोबत पर्यटकांनी शिकारीला जावं का, या प्रश्नावर मी ‘जाऊ नये’ असंच लिहिलंय. सव्वाहजारभर उरलेल्या माणसांच्या न्याहारीला दररोज कॅमेरे नकोत.

प्रकरणांचा क्रमही सहलींच्या उलटा आहे : झांझिबार, बागामोयो, मग तारांगिरे, गोरोंगोरो आणि शेवटी सेरेंगेटी. माल ज्या वाटेने खाली आला त्या वाटेने वर जायचं.

निघण्यापूर्वीच्या थोड्या गोष्टी. वाटेत केनिया किंवा इथिओपिया लागत असेल तर पीतज्वराची लस निदान १० दिवस आधी घ्या आणि पिवळं कार्ड पासपोर्टमध्येच ठेवा. परतताना आपल्या विमानतळावर ते मागतात. जून २०१९पासून टांझानियात प्लॅस्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे, तेव्हा दशम्या नि चिवडा कापडी पिशवीत किंवा डब्यात बांधा. तारांगिरेत गडद निळे, काळे कपडे घालू नका. त्से-त्से माश्या त्या रंगांवर धावून येतात आणि त्यांचा चावा जाड कापडातूनही लागतो. आणि घड्याळ : तिथल्या बोलीत तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे एक, आठ म्हणजे दोन. ड्रायव्हर पर्यटकांशी इंग्रजीत बोलतो तेव्हा आपल्याच घड्याळाने बोलतो, पण हॉटेलवाल्याशी त्याचं स्वाहिलीत चाललेलं बोलणं ऐकून तुम्ही ‘निघायचं बाराला’ असं समजलात, तर पहाटेचे सहा समजा आणि अंथरूण सोडा.